शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद: तीन उन्हाळे वापरल्यानंतर

आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं. दोन एकर डाळिंब आहे, ६०० झाडं. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार धरलेला असतो आणि मार्च सरता सरता विहीर तळ गाठते. बागेला पाण्याची खरी गरज नेमकी तेव्हाच लागते. म्हणून २०२२ च्या मे महिन्यात ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं घेतलं. खोदाईला अनुदान मिळालं, कागद, म्हणजे पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा थर, आमच्या पैशाने टाकला. बरेच जण विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. दुकानाचं नाव देत नाही, कारण दुकान तेच राहिलं तरी कागद बसवणारी टोळी दरवर्षी बदलते आणि तळं टिकतं ते टोळीच्या हातावर.

आधी कागदाचं. काळा, ५०० मायक्रॉनचा, आत विणलेला थर असलेला एचडीपीई कागद आहे. आयएस १५३५१ हा मानक क्रमांक कागदावरच छापलेला असतो, तो गुंडाळी उलगडताना स्वतः वाचा. बिलावर आहे म्हणून सोडून देऊ नका. तळ, चारी उतार आणि काठावर चरात गाडायचा भाग धरून आम्हाला जवळपास १,३०० चौरस मीटर लागला. बसवून ८५ रुपये दराने लाखाच्या वर गेला. तीन उन्हाळे झाले, उघड्या उतारावर कडक ऊन खातो, तरी कुठे तडकला नाही की जोड उकलला नाही. कागदाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. बसवणाऱ्यांना तीनच.

ते का, ते सांगते. कागद अंथरायच्या आदल्या दिवशी तळातले खडे वेचून, वर चाळलेल्या मातीचा थर द्यायचं ठरलं होतं. टोळी आली दुपारी बारा वाजता आणि त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावाला जायचं होतं. पूर्वेकडच्या उतारावर खडे तसेच राहिले. मी दोनदा सांगितलं. "काकू, पाण्याच्या वजनाने बसतो कागद, काही होत नाही," असं उत्तर मिळालं. ऑगस्टमध्ये तळं भरलं आणि आठवड्याला चार बोटं पाणी उतरायला लागलं, तेही भर पावसाळ्यात. माझ्या सासऱ्यांनी सगळ्यात आधी ओळखलं. तळ्यात न बघता ते बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी गेले. तिथलं गवत बाकीच्यापेक्षा हिरवं होतं आणि पाय ठेवला की माती दबत होती. "पाणी बांधात चाललंय," म्हणाले. दुकानदाराला फोन केले, माणूस अकराव्या दिवशी आला. तोवर आम्ही इंजिन लावून पाणी मीटरभर खाली घेतलं होतं. खडा टोचून करंगळीएवढं भोक पडलं होतं. गरम हवेच्या मशीनने ठिगळ लावलं, ते आजही पक्कं आहे. पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण ते अकरा दिवस मी विसरणार नाही, कारण बांधाच्या खालच्या अंगाला आमच्या चुलत दिरांचा गोठा आहे.

इथे जरा हिशेब मांडते. हा हिशेब कागद विकणारा कधीच मांडत नाही. तो सांगतो, तळ्यात २२ लाख लिटर बसतं. काठोकाठ भरलं तर बसतं. पण काठापासून अर्धा मीटर मोकळा सोडायलाच हवा, नाही तर वाऱ्याच्या लाटेने आणि एखाद्या ढगफुटीने पाणी बांधावरून जातं, आणि मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो कापला जातो. अर्धा मीटर सोडल्यावर उरतं साडेसतरा लाख. आमचं तळं निम्मं जमिनीत आणि निम्मं भरावाने वर उचललेलं आहे. म्हणजे जमिनीच्या पातळीच्या वर जे पाणी उभं असतं ते पावणेआठ लाख लिटर, पावणेआठशे टन. बांध फुटला तर तेवढं एका झटक्यात गोठ्यावर जाणार. आपण त्याला शेततळं म्हणतो, पण दीड मीटर उंचीचं ते खासगी धरणच आहे.

आणि या धरणाला तपासणीस कोणी नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे, १० ते १५ मीटरची काही अटींवर त्यात येतात. आपलं तळं त्यात कुठेच बसत नाही. आपणच इंजिनिअर आणि आपणच चौकीदार. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण रात्री फुटलं, त्या बातम्या मी रडत पाहिल्या होत्या. तेव्हा आमच्या शेतात तळं नव्हतं. आता पावसाळ्यात रोज सकाळी बांधाच्या बाहेरून एक फेरी मारते.

भरावाच्या बाबतीत मात्र आम्ही हट्ट धरला होता आणि तो फळाला आला. पोकलेनवाला निघालेली माती नुसती काठावर ओतत होता. सासरे उन्हात उभे राहिले आणि फूट-फूट थर, प्रत्येक थरावर टँकरचं पाणी आणि रोलरची दबाई करूनच पुढचा थर चढू दिला. काळी माती बाहेरच्या अंगाला येऊ दिली नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते. तिथे मुरूम घातला. दोन दिवस जास्त गेले, रोलरचं भाडं वेगळं पडलं. कागदाला भोक पडूनही बांध खचला नाही, तो या दबाईमुळे, असं माझं ठाम मत आहे. पैसे कमी असतील तर तळं लहान घ्या, पण दबाई सोडू नका. बाहेरच्या उतारावर मारवेल गवत लावलं आहे, झाड एकही उगवू देत नाही. सुबाभळीचं रोप दिसलं की उपटायचं आणि घुशीचं बीळ दिसलं की त्याच दिवशी खणून, माती ठोकून बुजवायचं. सांडव्याला, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायच्या वाटेला, सहा इंची पाईप आहे, त्याचं पाणी बांधाच्या पायथ्याशी न सोडता दूर ओघळीत नेलं आहे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरं तर हे लिहायला बसले ती.

पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबरात, मोटरीच्या फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाईपच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेला, शेवाळ अडकलं म्हणून माझा मुलगा तळ्यात उतरला. तो विहिरीत सूर मारणारा, पट्टीचा पोहणारा. काम झालं आणि वर यायला लागला तर येता येईना. ओल्या कागदावर शेवाळाचा बारीक थर बसलेला असतो, पाय ठेवला की साबणावरून घसरावं तसा माणूस परत पाण्यात. नखं रुतत नाहीत, धरायला काही नाही. चारही बाजू सारख्याच. मी गवत कापत होते, हाक ऐकून धावले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. गोठ्यातून कासरा आणला, तो पुरेना, दोन कासरे बांधले, मी आणि दिरांनी मिळून ओढलं. उन्हाळा आला की शेततळ्यात बुडून मुलं गेल्याच्या बातम्या येतात, आणि लोक म्हणतात, पोहता येत नसेल. माझ्या मुलाला पोहता येतं. पोहता येणं आणि कागदावरून वर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याच आठवड्यात चारही बाजूंना बोटाएवढ्या जाडीचे नायलॉनचे दोर सोडले, दर दीड फुटाला गाठ, वरचं टोक बांधाबाहेर काँक्रीटमध्ये रोवलेल्या लोखंडी अँगलला. दोर थेट तळापर्यंत जायला हवा, कारण पाणी उतरल्यावर धोका आणखी वाढतो, चढ लांब होतो. दोन जुन्या ट्यूब हवा भरून दोरीला बांधून ठेवल्या. भोवती पाच फुटी जाळीचं कुंपण केलं आणि फाटकाला कुलूप लावलं. किल्ली घरात, खुंटीला. मजूर बायकांची लेकरं शेतात असतात, त्यांना फाटकाच्या आत पाऊल नाही. कागदाच्या दरपत्रकात यातलं काहीही नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, कागदाच्या गाडीतच चार दोर पाठवा. आणि घेणाऱ्यांनो, दोर बांधून होईपर्यंत तळ्यात पाणी सोडू नका.

वापराबद्दल थोडक्यात. ठिबकने झाडाला दिवसाला सरासरी ४० लिटर धरलं तर ६०० झाडांना २४,००० लिटर. शिवाय कडक उन्हात पाच-सहा हजार लिटर रोज नुसतं वाफ होऊन जातं, खांबावर खुणा करून मी हे मोजलं आहे. एप्रिल आणि मे निघतात, तेवढंच. पण तेवढ्यानेच बाग वाचते. २०२४ च्या मेमध्ये आजूबाजूला टँकर फिरत होते तेव्हा आमची फळं झाडावर होती. रोहू-कटला सोडून पाहिले, घरापुरते मासे झाले, पण सँड फिल्टर रोज धुवावा लागला. शेवाळासाठी मोरचूद टाकणार असाल तर मासे सोडू नका, मरतील.

तळं भरायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, विहीर तुडुंब असताना. जानेवारीत बोअर चालवून तळी भरणारे आमच्याच शिवारात आहेत. जमिनीखालचं गार पाणी वर काढून उन्हात ठेवायचं आणि त्यातलं वाफेने घालवायचं, त्यात शेजाऱ्याची विहीर आटते. ते मला पटत नाही आणि मी तसं त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे.

बसवणाऱ्यांच्या पैशाचं म्हणाल, तर दहा टक्के रक्कम पहिलं भरण होऊन पंधरा दिवस पाणी स्थिर राहीपर्यंत हातात ठेवा. आम्ही सगळे पैसे त्याच संध्याकाळी दिले होते. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं, म्हणून दोर दर पोळ्याला बदलतो. यंदा तिसऱ्यांदा बदलले, गाठी मुलाने स्वतः मारल्या.