नागपूरच्या धंतोलीतील कान-नाक-घसा दवाखाना : तीन भेटींनंतरचा अनुभव

माझ्या वडिलांचे वय ७४ आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या कानाला दडे बसले आणि आत इतकी खाज सुटली की गाडीच्या किल्लीपासून आगपेटीच्या काडीपर्यंत हाताला लागेल ते कानात जाऊ लागले. आधी घरचा उपाय म्हणून लसूण घालून कोमट केलेले तिळाचे तेल दोन दिवस सोडले, मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीविना कानाचे थेंब आणून ते दहा दिवस घातले. ऐकू येणे आणखीच कमी झाले, तेव्हा शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून धंतोलीतील या तज्ज्ञांकडे नंबर लावला.

धंतोलीत चारचाकी नेण्याचा मोह टाळावा. दवाखान्यांनी भरलेल्या त्या गल्ल्यांत पहिल्या दिवशी गाडी लावायला जागा शोधण्यातच पंचवीस मिनिटे गेली. पुढच्या दोन भेटींना आम्ही जयप्रकाश नगरहून मेट्रोने काँग्रेस नगरला उतरलो आणि तिथून ऑटो केला. वेळ सायंकाळी साडेसहाची दिली होती, प्रत्यक्षात आत बोलावले ते पावणेनऊला. उशीर होणार हे काउंटरवरील मुलीला ठाऊक होते, पण आम्ही विचारेपर्यंत तिने ते सांगितले नाही. बसण्याच्या जागेत टीव्ही मोठ्या आवाजात सुरू असतो. येणाऱ्या निम्म्या मंडळींना ऐकू येत नाही म्हणून असेल कदाचित.

आत गेल्यावर मात्र ही चिडचिड बरीचशी निवली. डॉक्टरांनी कानाला हात लावण्याआधी पाच-सात मिनिटे नुसते प्रश्न विचारले : साखरेचा त्रास आहे का, कान वाहतो का, चक्कर येते का, कानात काय काय घातले. तेलाचे नाव निघताच बाबा माझ्याकडे पाहू लागले. मग डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क म्हणजे स्वरकाटा तळहाताच्या कडेवर हलकेच आपटून कपाळाच्या मध्यावर टेकवला आणि विचारले, “काकाजी, आवाज कुठल्या कानात जास्त येतो आहे?” बाबा म्हणाले, “ह्या बिघडलेल्या कानातच.” मला वाटले, बाबांचा काहीतरी घोटाळा होतो आहे. डॉक्टरांनी मात्र मान डोलावली आणि समजावून सांगितले की आवाजाची वाट बाहेरच्या बाजूला अडलेली असेल, तर हाडातून जाणारा कंप त्याच कानात मोठा ऐकू येतो. नस खराब झाली असती तर तो चांगल्या कानाकडे गेला असता. कोणतेही मोठे यंत्र न लावता, दोन मिनिटांत आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत निदानाची दिशा सांगणारा डॉक्टर मी बऱ्याच काळानंतर पाहिला.

त्यानंतर दुर्बिणीचे चित्र पडद्यावर दाखवले. कानाच्या नळीत भिजलेल्या टीपकागदासारखा पांढुरका लगदा साचला होता आणि त्यावर बारीक काळे ठिपके होते. ही बुरशी असून पावसाळ्यातील दमट हवा, कोरून ओरखडलेली त्वचा आणि आत राहिलेले तेल या सगळ्यांनी तिला पोषक जागा मिळाली, असे त्यांनी सांगितले. मेडिकलमधून आणलेली बाटली आम्ही सोबत नेली होती. त्यात प्रतिजैविक आणि स्टिरॉइड होते. बुरशीवर त्यांचा उपयोग होत नाही, उलट ती वाढायला मदतच होते. मायक्रोस्कोपखाली बारीक नळीने सगळा लगदा ओढून काढला. कानाचा पडदा शाबूत असल्याची खात्री करून क्लोट्रिमॅझोल या बुरशीनाशकाचे थेंब दिले आणि आंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापूस कानात ठेवण्यास सांगितले. सफाईच्या वेळी यंत्राचा घरघराट बाबांना थोडा असह्य झाला, दुखले मात्र नाही.

श्रवणचाचणीबद्दल माझी तक्रार आहे. चाचणीची खोली बसण्याच्या जागेला लागून आहे आणि दार नीट बसत नसल्याने टीव्हीचा आवाज आत झिरपतो. ज्या चाचणीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे अगदी क्षीण आवाज ऐकून बटण दाबायचे असते, तिथे ही ढिलाई चालणारी नाही. मी सांगितल्यावर टीव्ही बंद करून चाचणी पुन्हा घेतली, याबद्दल चाचणी घेणाऱ्या ताईंचे आभार.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे त्याच आवारातील श्रवणयंत्रांचे काउंटर. कानात अजून बुरशी असताना तेथील विक्रेत्याने आमच्या हाती माहितीपत्रक ठेवले आणि आगाऊ रकमेची गोष्ट काढली. डॉक्टरांना विचारले तेव्हा ते स्पष्टच म्हणाले, “आधी कान कोरडा होऊ द्या, चाचणी पुन्हा करू, मग बोलू.” हा सल्ला प्रामाणिक होता, पण तो विचारल्याशिवाय मिळाला नसता.

तिसऱ्या भेटीत कान स्वच्छ निघाला. श्रवणचाचणीच्या आलेखावर उजव्या कानात हवेतून आणि हाडातून ऐकू येण्यातला फरक मिटला होता, म्हणजे वाटेतला अडथळा गेला होता. मात्र दोन्ही कानांच्या रेषा २००० हर्ट्झच्या पुढे सारख्याच खाली उतरतात. ते वयोमानाचे आहे. त्यामुळे आवाज ऐकू येतो पण ‘स’, ‘क’, ‘ट’ निसटतात आणि शब्द कळत नाही, हे बाबांचे जुने गाऱ्हाणे त्या दिवशी मला प्रथमच उमगले. तोवर ते लक्ष देत नाहीत अशीच आमची समजूत होती.

तपासणीची फी ६०० रुपये; सात दिवसांच्या आत पुन्हा दाखवल्यास पैसे घेत नाहीत. सफाई आणि श्रवणचाचणीचे दर मात्र कुठेही लावलेले नाहीत, ते आधी विचारून घ्यावेत. सकाळचा वेळ मोकळा असलेल्यांसाठी नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेतच. आम्ही मात्र दिवाळीनंतर श्रवणयंत्राचे विचारायला पुन्हा इथेच येणार आहोत, फक्त फोनवर पहिल्या चारांतला नंबर मागून घेऊ.