ऑनलाइन मानसोपचार: अ‍ॅप, मार्गदर्शकासोबतचा कोर्स की व्हिडिओ कॉल?

ऑनलाइन उपचारांचा विचार करणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच शंका काढतो: समोरासमोर बसून होतो तेवढा फायदा स्क्रीनवरून होईल का? मला त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही मध्येच थांबलात, तर ते कोणाच्या लक्षात येणार आहे? पर्यायांमधला खरा फरक इथे आहे.

एकट्याने वापरायच्या अ‍ॅपमध्ये याचं उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असं आहे. अ‍ॅपची सोय मोठी आहे. कोणाला सांगावं लागत नाही, वेळ घ्यावी लागत नाही, रात्री दोन वाजताही ते हाताशी असतं. पण २०१९ साली मानसिक आरोग्याच्या ९३ अ‍ॅप्सचा प्रत्यक्ष वापर तपासला गेला, तेव्हा सर्वसाधारण अ‍ॅपमध्ये पंधराव्या दिवशी शंभरातले जेमतेम चार जण उरले होते. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डिप्रेशनच्या ६९१ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्यातल्या काहींना डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचारांसोबत ‘बीटिंग द ब्लूज’ किंवा ‘मूडजिम’ हे संगणकावरचे कार्यक्रम दिले होते. त्यातून जास्तीचा फायदा दिसला नाही. कार्यक्रमांचा मजकूर वाईट नव्हता. बहुतेकांनी एक-दोन भागांतच ते सोडून दिले. फोनवरची मदत होती, पण ती मुख्यतः तांत्रिक. मन खचलेलं असताना सगळा रेटा एकट्याने लावायचा, ही अपेक्षाच जड आहे.

मार्गदर्शकासोबतचा कोर्स हा पर्याय लोकांना सर्वात कमी माहीत असतो, आणि माझं झुकतं माप त्यालाच आहे. साधारण आठ-दहा आठवडे, दर आठवड्याला सीबीटीचा, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीचा, एक धडा, सोबत गृहपाठ. तुम्ही लिहिलेलं कोणीतरी वाचतं आणि उत्तर देतं. समजा, एखादीने लिहिलं, ‘उद्याच्या मीटिंगमध्ये तोंड उघडलं तर आवाज थरथरेल आणि मला काही येत नाही हे सगळ्यांना कळेल.’ चांगला मार्गदर्शक नुसता धीर देऊन थांबत नाही. तो लिहितो, ‘मागच्या वेळी बोललात तेव्हा नक्की काय झालं? उद्या एकच प्रश्न विचारा आणि कोण काय म्हणालं ते मला कळवा.’ आता तिला मीटिंगनंतर लिहायचं आहे, कारण कोणीतरी वाट पाहतंय. मार्गदर्शकाचा यात आठवड्याला बऱ्याचदा दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.

अशा कोर्सची समोरासमोरच्या सीबीटीशी तुलना करणाऱ्या २० चाचण्यांचा आढावा २०१८ साली आला आणि परिणाम एकूण सारखेच निघाले. मात्र अशा चाचण्यांत बहुधा स्वतःहून नाव नोंदवणारे लोक असतात, हे धरून चालावं. २०२१ साली ३९ चाचण्यांमधल्या नऊ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, त्यातून निर्णयाला उपयोगी गोष्ट कळली: डिप्रेशन सौम्य असेल तर एकट्याने केलेला आणि मार्गदर्शकासोबतचा कोर्स यांत फारसा फरक पडत नाही, ते मध्यम किंवा तीव्र असेल तर मार्गदर्शकाचा फायदा स्पष्ट दिसतो. डिप्रेशन किती आहे हे मोजणाऱ्या ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या चाचणीत (गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त) साधारण दहाच्या पुढे गुण असतील, तर नुसत्या अ‍ॅपवर विसंबू नका. आणि कोर्स निवडताना मार्गदर्शकाच्या पदवीइतकंच हेही विचारा, की उत्तर किती दिवसांत येतं, आणि एखादा आठवडा काहीच लिहिलं नाही तर कोणी चौकशी करतं का.

व्हिडिओ कॉल प्रत्यक्ष भेटीच्या सर्वात जवळ जातो. डिप्रेशन आणि आघातानंतरचा ताण यांत त्याचे परिणाम भेटीतल्या उपचारांच्या तोडीचे आढळले आहेत. इथे परिणाम ठरतो तो थेरपिस्टशी जुळण्यावर आणि तुमच्या एकांतावर. शेजारच्या खोलीत घरचे असतील तर माणूस ‘ठीक चाललंय’ एवढंच म्हणतो, आणि स्क्रीनवर फक्त चेहरा दिसत असल्याने थरथरणारे हात थेरपिस्टच्या नजरेतून सुटतात. हेडफोन आणि बंद दार इतकं तरी हवंच. उभ्या गाडीत बसून बोलणंही चालेल. ओसीडीसारख्या, म्हणजे नको असलेले विचार आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं अशा, त्रासात मात्र घरून बोलणं उलट फायद्याचं ठरतं. गॅस बंद आहे का हे पुन्हा पुन्हा पाहण्याची ओढ दवाखान्यात नाही, ओट्यापाशीच लागते. फोन तिथे ठेवून, थेरपिस्ट पाहत असताना परत न तपासता बाहेर पडण्याचा सराव करता येतो.

पर्याय कोणताही घ्या, माहिती कोणाला दिली जाते ते आधी वाचा. ग्राहकांची संवेदनशील आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ साली ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन थेरपी देणाऱ्या कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले.

सुरू करायच्या दिवशी पीएचक्यू-९ भरून ठेवा, महिन्याभराने पुन्हा भरा. गुण कमी झाले नसतील तर एक पायरी वर जा: अ‍ॅपवरून मार्गदर्शकाकडे, तिथून व्हिडिओ कॉलकडे किंवा प्रत्यक्ष भेटीकडे. नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर ‘अजिबात नाही’ याखेरीज काहीही असेल, भास होत असतील किंवा दिवसेंदिवस झोपेची गरजच वाटत नसेल, तर या तुलनेत अडकू नका. थेट मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जिवाला धोका वाटत असेल तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीच्या वैद्यकीय सेवेला फोन करा.