फ्रीझर वर की खाली? किनाऱ्यावरच्या घरासाठी देखभालीच्या अंगाने तुलना

जुना फ्रीज बदलायचा ठरला की दुकानात चर्चा होते ती लिटरची, स्टारची आणि रंगाची. फ्रीझर वर असावा की खाली, हा प्रश्न आला तरी तो दिसण्यापुरताच येतो. रत्नागिरीच्या आमच्या घरी गेली आठ वर्षे खाली फ्रीझर असलेला फ्रीज आहे आणि देवगडजवळच्या माहेरच्या घरी वर फ्रीझर असलेला. दोन्हींची पुसापुशी, दोन्हींचे बिघाड आणि दोन्हींसाठी मेकॅनिकची वाट पाहणे माझ्याच वाट्याला येत असल्यामुळे ही तुलना मी सांभाळण्याच्या बाजूने करते आहे. दोन्ही फ्रीज दोन दारांचे आणि फ्रॉस्ट-फ्री आहेत. हाताने बर्फ वितळवावा लागणाऱ्या एकदारी फ्रीजचा हिशेब वेगळा, तो इथे घेतलेला नाही.

आधी आतली रचना समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे फरक तिच्यातून निघतात. फ्रीझर वर असो वा खाली, थंडावा बहुधा तयार होतो तो फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड बसवलेल्या कॉइलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळीच्या वेटोळ्यावर. एक छोटा पंखा तिथली हवा फ्रीझरमध्ये फिरवतो आणि तिचा काही भाग एका झडपेतून दूध-भाजीच्या कप्प्यात पाठवतो. थंड हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. त्यामुळे फ्रीझर वर असेल तेव्हा पंखा मंदावला किंवा वाट थोडी अडली, तरी थोडाफार गारवा खालच्या कप्प्याला मिळत राहतो. फ्रीझर खाली असेल तेव्हा मात्र हीच जड हवा पाठीमागच्या नळीतून माणसाच्या छातीइतक्या उंचीपर्यंत चढवावी लागते आणि ते काम केवळ पंख्याच्या जोरावर होते. पंखा थांबला, नळीच्या तोंडाशी बर्फ धरला किंवा झडप अडकली, की वर दूध नासते आणि खाली बांगडे दगडासारखे घट्ट राहतात.

खाली फ्रीझर असलेल्या फ्रीजची ही सर्वांत ओळखीची तक्रार आहे आणि तिच्यात गॅस संपलेला असण्याची शक्यता कमी असते. गॅस गळाला असता तर फ्रीझरही ढिला पडला असता. हे माहीत नसल्याने ‘गॅस भरावा लागेल’ या एका वाक्यावर लोक हजारो रुपये खर्च करतात.

आमच्याकडे हे गेल्या श्रावणात घडले. लोणी मऊ पडले म्हणून संशय आला, तेव्हा रात्री पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो मधल्या फळीवर ठेवला. सकाळी पारा १३ अंशांवर होता. त्या जागी ३ ते ४ अंश असायला हवे आणि फ्रीझरमध्ये उणे १८. नुसत्या हवेत धरलेला थर्मामीटर दार उघडताच आकडा बदलतो, म्हणून पाण्याचा पेला. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून बर्फ आणून मासळी थर्माकोलच्या पेटीत हलवली, प्लग काढला आणि सर्वांत खालचा ड्रॉवर ओढून बाहेर घेतला. त्याच्या तळाशी बोटभर जाडीची बर्फाची लादी होती, काचेसारखी स्वच्छ, आणि तिच्यात कोळंबीची एक मिशी सरळ रेषेत गोठलेली होती. सुरी लावण्याचा मोह तिथेच होतो आणि तिथेच तो आवरायचा असतो. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या नळीला एक टोचा बसला की गॅस जातो, आणि अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये असणारा आर-६००ए हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, तो ज्वलनशील असतो.

दोन्ही दारे चोवीस तास उघडी ठेवून, खाली जुने टॉवेल पसरून बर्फ आपसूक वितळू दिला. फ्रीज पुन्हा लावला आणि वरचा कप्पा चार अंशांवर आला, पण पंधराव्या दिवशी लोणी परत मऊ पडले. ही वेळ मोजणे महत्त्वाचे आहे. एकदा पूर्ण वितळवल्यावर फ्रीज महिनोन्महिने नीट चालला, तर दोष दार नीट न लागण्याचा किंवा पाण्याची वाट तुंबण्याचा होता असे समजावे. एक-दोन आठवड्यांत तोच त्रास परतला, तर कॉइलवरचे हिव, म्हणजे बर्फाचा भुरभुरीत थर, ठरावीक वेळाने वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा फ्यूज निकामी आहे, आणि ते मेकॅनिकचे काम आहे. आमचा फ्यूज गेलेला होता. वस्तू लहानशी, पण कोल्हापुरातून यायला नऊ दिवस लागले. माहेरच्या फ्रीजला हाच बिघाड झाला होता, तेव्हा सुटा भाग तालुक्याच्या बाजारात त्याच संध्याकाळी मिळाला. खाली फ्रीझर असलेल्या फ्रीजमध्ये सेन्सर, विजेवर चालणारी झडप आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड बहुधा जास्त असतात, आणि ते मॉडेल गावात कमी असल्याने त्याचे भाग कुणी साठवून ठेवत नाही. त्याच लिटरमध्ये त्याची किंमतही अधिक पडते.

पाण्याच्या वाटेचा फरकही लक्षात घ्यावा. हीटरने वितळवलेले पाणी कॉइलखालच्या पन्हाळीतून एका भोकात जाते आणि नळीने मागच्या, कॉम्प्रेसरवरच्या ताटलीत पडून त्याच्या उष्णतेने वाफ होऊन जाते. वर फ्रीझर असलेल्या फ्रीजमध्ये ते भोक तुंबले तर पाणी भाजीच्या कप्प्यात ठिबकते. कोथिंबीर भिजलेली दिसते आणि बिघाड दुसऱ्या दिवशी लक्षात येतो. खाली फ्रीझर असेल तर तेच पाणी ड्रॉवरच्या खाली शांतपणे गोठत राहते आणि लादी दाराला टेकेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून महिन्यातून एकदा खालचा ड्रॉवर काढून तळ पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. भोक दिसत असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडावे. पडदा खोलावा लागत असेल आणि स्क्रू कुठे दडले आहेत ते समजत नसेल, तर जोर लावू नये.

आता हवेबद्दल. आपल्याकडे पावसाचे चार महिने हवाच इतकी ओली असते की दार उघडताना प्रत्येक वेळी थोडे पाणी आत जाते आणि कॉइलवर हिव होऊन बसते. या बाबतीत दोन्ही प्रकार सारखेच सोसतात, पण वर सांगितलेल्या कारणामुळे जास्तीच्या हिवाची शिक्षा खाली फ्रीझर असलेल्याला आधी होते. झाकण नसलेली सोलकढी, निथळलेली नसलेली मासळी, गरम आमटी यांतून निघणारी वाफही त्यातच जमा होते. मेच्या अखेरीस, जून-जुलैची मासेमारी बंदी लागण्याआधी, आपण फ्रीझर सुरमईच्या तुकड्यांनी, आमरसाच्या डब्यांनी आणि खवलेल्या नारळाच्या पिशव्यांनी गच्च भरतो. त्या वेळी फ्रीझरच्या मागच्या पडद्यावरील हवेच्या जाळीपुढे चार बोटे जागा मोकळी राहिली नाही तर हवा फिरणार कशी? ड्रॉवर ही मर्यादा आपोआप घालतात, हे त्यांचे श्रेय मानायला हवे. वरच्या उघड्या फ्रीझरमध्ये मात्र पिशवी थेट जाळीला जाऊन चिकटते.

दाराच्या रबराची परीक्षा दोन्हीकडे एकच आहे. दहाची नोट दारात धरून दार लावावे आणि ओढावी. सहज निघाली तर त्या जागी फट आहे. बुरशीचे काळे ठिपके सोड्याच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने निघतात, आणि दबलेले रबर हेअर ड्रायरच्या गरम हवेने बरेचदा जागेवर येते. दोन्हींत खालच्या दाराची कड जमिनीपासून जेमतेम वीतभर अंतरावर असते. फरशी पुसताना उडणारे पाणी आणि खारी हवा मिळून तिथला रंग प्रथम सुटतो. लोखंडी स्टँड घेतला तर तोही गंजतो, म्हणून प्लास्टिकचा घ्यावा. मागच्या बाजूची लाल चिऱ्याची धूळ मऊ ब्रशने वर्षातून दोनदा काढावी, आणि तेव्हाच बोर्डाच्या पेटीजवळ पाल शिरलेली नाही ना हेही पाहावे. आमच्या शेजारी एका पालीने बोर्ड जाळला होता. दोन दारांमधली पट्टी गरम लागते म्हणून घाबरू नये, दव साचू नये यासाठी आत गरम नळी फिरवलेली असते. अंगाला झिणझिण्या आल्या तर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय फ्रीज वापरू नये.

वीज जाण्याच्या बाबतीत खालचा फ्रीझर थोडा उजवा ठरतो. दार उघडले की उघड्या फ्रीझरमधली थंड हवा पायांवर सांडते, तर बंद ड्रॉवरमध्ये ती बरीचशी राहते. दार अजिबात न उघडल्यास गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास, आणि दूध-भाजीचा कप्पा जेमतेम चार तास. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यात अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती, तिथे हा फरक निरर्थक होता. पण रोजच्या चार-सहा तासांच्या खोळंब्यात तो जाणवतो. पुराच्या दृष्टीने मात्र दोन्ही सारखेच, कारण कॉम्प्रेसर दोन्हींत तळाशीच असतो. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्यासाठी फ्रीझर वर असल्याने काही वाचले असे झाले नाही. पाण्यात बुडालेला फ्रीज मेकॅनिकने तपासून वाळवल्याशिवाय लावूच नये.

हे सगळे वाचून खाली फ्रीझर असलेला फ्रीज घेऊ नये असे वाटेल, पण माझे मत तसे नाही. दिवसातून वीस वेळा आपण दूध, भाजी, नारळ यांसाठी वाकतो आणि मासळीसाठी एकदा. गुडघे दुखणारे माणूस घरात असेल तर भाजी कमरेच्या उंचीवर मिळणे ही मोठी सोय आहे. सासूबाई आठ वर्षे भाजीसाठी वाकलेल्या नाहीत. मात्र ही सोय त्याच घराने घ्यावी, जिथे पावसाळ्याआधी आणि गणपतीनंतर असा वर्षातून दोनदा पूर्ण एक दिवस फ्रीज रिकामा करून उघडा ठेवायला कुणी तयार असेल आणि सुटा भाग येईपर्यंत आठ-दहा दिवस शेजारच्या फ्रीजमध्ये मासळी ठेवता येईल. गावचे घर वर्षातले आठ महिने बंद राहणार असेल, वा घरात एकटे वृद्ध असतील आणि मेकॅनिक तालुक्याहून यायचा असेल, तर वर फ्रीझर असलेला साधा फ्रीजच बरा.

ज्यांच्याकडे खाली फ्रीझर असलेला जुना फ्रीज आहे आणि दुरुस्ती की बदल अशा पेचात जे आहेत, त्यांनी आधी चोवीस तास वितळवून पाहावे. हीटर, फ्यूज, सेन्सर किंवा पंखा गेला असेल तर दहा वर्षांच्या आतला फ्रीज दुरुस्त करणेच परवडते. कॉम्प्रेसर तापतो आहे आणि तरी कॉइलच्या एकाच कोपऱ्यात हिव धरते आहे, असे मेकॅनिकने पडदा काढून दाखवले, तर गॅस गळतो आहे. किनाऱ्यावर खाऱ्या हवेने नळी एका जागी खाल्ली असेल, तर ती पुढच्या वर्षी दुसऱ्या जागीही खाल्लेली असते. अशा फ्रीजमध्ये गॅस भरण्याचे पैसे नव्या फ्रीजसाठी बाजूला काढावेत.