बोरिवलीच्या गच्चीत टिश्यू कल्चरची सफेद मुसळी: पंधरा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, सफेद मुसळीची 24 रोपं नर्सरीतून घेतली. हिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम. झेवियर्स कॉलेजचे फादर संतापाव आणि फर्नांडिस यांनी ते आमच्या बोरिवलीवरून ठेवलं. जंगलातून उपसून उपसून दुर्मिळ झालेली ही मुसळी आपल्या गच्चीत असावी, ही माझी फार जुनी इच्छा.

हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय लावून झालंय, म्हणून सांगितलं होतं, पण पानं फारच कोवळी होती. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो, बाहेर आली की ती लगेच सुकतात. प्लॅस्टिकखाली सावलीत ठेवूनही 3 गेली. उरलेली लाल माती, शेणखत आणि रेतीत लावली. ऑगस्टमध्ये पांढरी फुलं आली. 20 रोपं इतकी सारखी, की कुंड्यांची अदलाबदल झाली तरी कळू नये.

एकविसाव्याच्या पानांवर मात्र बुडापासून टोकापर्यंत पांढरट पट्टा. वाटलं, लोह कमी पडलं असेल. पण माती तीच, पाणी तेच. ऑक्टोबरमध्ये पानं झडल्यावर उकरलं, तर बाकीच्यांना आठ-दहा मुळ्या आणि याला चारच, त्याही बारीक. त्याची चकती, म्हणजे मुळ्यांच्या वरचा डोळे असलेला भाग, खूण करून रेतीत जपली आणि या जूनमध्ये लावली. पट्टा तसाच उगवला. म्हणजे दोष मातीचा नव्हता, बदल रोपातच होता.

टिश्यू कल्चरच्या रोपांत होणाऱ्या अशा बदलाला सोमाक्लोनल बदल म्हणतात. 1981 मध्ये लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट या शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं. चकतीवरच्या डोळ्यांतून थेट फुटवे घेतले तर हा धोका कमी असतो. मधे कॅलस, म्हणजे पेशींचा नुसता गोळा, करून त्यातून रोपं काढली किंवा तोच माल वर्षानुवर्षं सबकल्चर करत, म्हणजे तुकडे करून नव्या बाटल्यांत हलवत राहिलं, की तो वाढतो. नर्सरीत विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळी एकाच आईची लेकरं आहेत." ते मलाही मान्य. ती कोणत्या पद्धतीनं वाढवली, एवढंच मला हवं होतं. ते शेवटपर्यंत सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

कारण पट्टा दिसला म्हणून मला कळलं. मुळ्यांतलं सॅपोनिन, म्हणजे त्यांतलं औषधी द्रव्य, कमी झालं असतं तर कुणाला दिसणार होतं? आपण मुसळी घेतो ती त्यासाठीच ना!

तरी पुन्हा टिश्यू कल्चरचीच घेईन; 20 रोपांनी माझं मन जिंकलंय. फक्त या वेळी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेतून. ही व्यवस्था 2006 पासून आहे आणि तिच्यात विषाणूंबरोबर आनुवंशिक सारखेपणाही तपासतात.

पट्टेवालं रोप कोपऱ्यात वेगळं ठेवलंय. त्याच्या मुळ्या आम्ही खात नाही; ऑक्टोबरमध्ये उकरून पुन्हा मोजणार आहे.