जुन्या दुनळीसाठी बारा बोअरची काडतुसे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत ज्यांच्या घरी आजोबांच्या काळापासून परवान्याची बारा बोअर बंदूक आहे, ते काडतुसे घेताना दुकानदाराला बहुधा एकच प्रश्न विचारतात, की यांतले सर्वांत जोरदार कोणते. गेले अनेक महिने मी घरच्या जुन्या विलायती दुनळीने उडत्या मातीच्या चकत्यांवर, म्हणजे नेमबाज ज्यांना क्ले म्हणतात त्यांच्यावर, नियमित सराव करीत आहे आणि या काळात वेगवेगळ्या भाराची (भार म्हणजे आतल्या छर्ऱ्यांचे एकूण वजन) व वेगवेगळ्या नंबरांची (नंबर मोठा तितका छर्रा बारीक) काडतुसे वापरून पाहिली आहेत. त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की आपल्याकडच्या जुन्या, हलक्या दुनळीला २८ ग्रॅम भाराचे, साडेसात नंबरच्या किंवा त्याच्या जवळपासच्या बारीक छर्‍यांचे काडतूस सर्वांत चांगले जुळते. मात्र कोणतेही काडतूस आपल्या स्वतःच्या नळीतून कागदावर झाडून पाहिल्याशिवाय हंगामभराची खरेदी करू नये.

क्लेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आपल्याकडे पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम नाही आणि तो नाही हे योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तित्तर, लावा, रानकोंबडा, बदके या सर्वांना संरक्षण दिले आहे. बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या ज्वारीच्या रानात दिवाळीनंतर लावे मारायला जाण्याच्या ज्या गोष्टी वडीलधारे सांगतात, त्या त्या काळाबरोबर गेल्या. तरीही काडतुसांविषयी जी माहिती वाचायला मिळते, ती बहुतेक परदेशी शिकारीच्या हंगामांना धरून लिहिलेली असते. इंग्लंडमध्ये ग्राऊसचा हंगाम १२ ऑगस्टला, तित्तराचा १ सप्टेंबरला आणि फेझंटचा १ ऑक्टोबरला सुरू होतो, आणि तिथले तक्ते या पक्ष्यांच्या आकारमानानुसार, अंतरानुसार व पिसांच्या दाटपणानुसार छर्‍यांचे नंबर सुचवितात. तोच तक्ता जसाच्या तसा क्लेसाठी वापरला तर छर्रे गरजेपेक्षा जाड निवडले जातात. पक्ष्याला स्वच्छ मारण्यासाठी छर्रा खोल शिरावा लागतो, तर ११० मिलिमीटर व्यासाची आणि साधारण १०५ ग्रॅम वजनाची ठिसूळ चकती फुटायला दोन-तीन बारीक छर्रे नीट लागले तरी पुरते.

नंबरांबाबत एक गोंधळ आधी दूर केला पाहिजे, कारण त्यात पैसे वाया जातात. इंग्रजी पद्धतीचा आणि अमेरिकी पद्धतीचा नंबर एकच नसतो. इंग्रजी सहा नंबरचा छर्रा सुमारे २.६ मिलिमीटरचा असतो, तर अमेरिकी सहा नंबरचा सुमारे २.८ मिलिमीटरचा. इंग्रजी सात आणि अमेरिकी साडेसात मात्र जवळजवळ सारखेच, म्हणजे २.४ मिलिमीटरचे भरतात. एका औंसात, म्हणजे साधारण २८ ग्रॅम शिशात, इंग्रजी सहा नंबरचे २७० आणि सात नंबरचे ३४० छर्रे बसतात. म्हणून डब्यावरचा नंबर पाहून न थांबता छर्‍याचा व्यास मिलिमीटरमध्ये छापला असेल तर तोच वाचावा. आंतरराष्ट्रीय ट्रॅप (दूर जाणाऱ्या चकत्या) व स्कीट (आडव्या जाणाऱ्या चकत्या) स्पर्धांत भार २४ ग्रॅमच्या आसपास आणि छर्रा जास्तीत जास्त २.६ मिलिमीटरचा असा नियम आहे. ज्या खेळात जगातले उत्तम नेमबाज एवढ्या हलक्या भारावर ३०-३५ मीटरवरची चकती फोडतात, तिथे आपण ३६ ग्रॅमचा आग्रह धरण्याचे कारण मला दिसत नाही.

आता बंदुकीकडे वळतो, कारण काडतुसाच्या निवडीतला सर्वांत गंभीर भाग तोच आहे. जुन्या विलायती दुनळ्यांपैकी पुष्कळांचे चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) ६५ मिलिमीटरचे, म्हणजे अडीच इंचांचे असते, तर आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. डब्यावर लिहिलेली लांबी ही बार झाल्यानंतर तोंड उघडलेल्या कवचाची असते. न उडवलेले ७० मिलिमीटरचे काडतूस तोंडाशी दुमडलेले असल्यामुळे ६५ च्या चेंबरमध्ये निमूट बसते आणि बंदूक व्यवस्थित बंद होते, त्यामुळे पाहणाऱ्याला काहीच वावगे वाटत नाही. बार होताच मात्र उघडणाऱ्या तोंडाला जागा कमी पडते आणि नळीतला दाब वाढतो. त्याखेरीज बंदूक कोणत्या दारूसाठी तपासलेली आहे हेही पाहावे लागते. नळीवरच्या प्रूफच्या (दाबाच्या तपासणीच्या) खुणा आजच्या धूरविरहित दारूच्या आहेत की फक्त काळ्या दारूच्या, हे जाणकार बंदूक कारागिराकडून तपासून घ्यावे, आणि लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंफून केलेली पट्टेदार दमास्कस नळी असेल तर या तपासणीशिवाय आधुनिक काडतूस तिच्यात घालूच नये. युरोपीय मानकानुसार साध्या बारा बोअर काडतुसाचा कमाल दाब ७४० बार (बार हे इथे दाबाचे माप) आणि जास्त दाबाच्या काडतुसाचा १०५० बार असतो. हे दुसऱ्या प्रकारचे काडतूस आजोबांच्या दुनळीत घालण्याचा विचारही करू नये. माझ्या बंदुकीचे चेंबर ६५ चेच आहे, त्यामुळे मी त्याच लांबीची काडतुसे शोधून घेतो. ती मिळायला कधी कधी वाट पाहावी लागते आणि मी ती पाहतो.

भाराच्या बाबतीत बर्मिंगहॅमचे बंदूकनिर्माते ग्रीनर यांच्या नावाने ओळखला जाणारा ९६ चा नियम मला फार उपयोगी पडला. बंदुकीचे वजन भाराच्या किमान ९६ पट असावे असा तो नियम आहे. माझी दुनळी साधारण २.९ किलोची आहे. तिला ९६ ने भागले तर ३० ग्रॅम येतात, म्हणजे २८ ग्रॅमचा भार तिला आरामात पेलतो आणि ३६ ग्रॅमचा मुळीच पेलत नाही. वेग तोच ठेवून भार २८ वरून ३६ ग्रॅमवर नेला, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. सुरुवातीच्या दोन-चार बारांत हा फरक उत्साहाच्या भरात जाणवत नाही, पण २५ चकत्यांची फेरी पुरी करताना शेवटच्या चकत्यांवर त्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. खांदा आधीच आक्रसून घेतला जातो, गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि नेम वर जातो. हलका भार घेतल्यावर माझ्या फेरीचा शेवट सुरुवातीइतकाच स्थिर होऊ लागला, आणि या सगळ्या महिन्यांतला हा सर्वांत मोठा लाभ मी मानतो. जुन्या दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे हाताने धरण्याच्या अरुंद भागाशी, असलेल्या लाकडालाही हलका भारच मानवतो, हे सांगायला नको.

कागदावर झाडून पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती मान्यताप्राप्त रेंजवर आणि तिथल्या जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखालीच करावी. साधारण सव्वा मीटर चौरसाचा कागद ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर लावायचा, मध्यावर एक बार करायचा, आणि मग छिद्रे जिथे सर्वांत दाट दिसतात तिथे केंद्र धरून ७६ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून आतली छिद्रे मोजायची. अशा वर्तुळात चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला अरुंदपणा) नसलेल्या नळीतून साधारण ४० टक्के, इंप्रूव्हड सिलिंडर या अगदी थोड्या चोकमधून ५० टक्के, हाफ चोकमधून ६० टक्के आणि फुल चोकमधून ७० टक्के छर्रे पडावेत असे पुस्तकी गणित आहे. जुन्या दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी घट्ट असते, माझ्याही बंदुकीत तसेच आहे.

हे गणित थोडे पुढे नेले की बारीक छर्‍यांची बाजू लगेच पटते. २८ ग्रॅममध्ये २.४ मिलिमीटरचे सुमारे ३४० छर्रे असतात. फुल चोकमधून त्यांतले २४० च्या आसपास वर्तुळात पडतात. ३२ ग्रॅमचे इंग्रजी सहा नंबरचे काडतूस घेतले तर छर्रे सुमारे ३०० भरतात आणि वर्तुळात २१० च्या आसपास येतात. म्हणजे शिसे जास्त, धक्का जास्त, पण कागदावर पडणारे छर्ऱ्यांचे जाळे विरळ. चकती आपल्याकडे पोट करून येत नाही. दूर जाणारी चकती तिच्या काठाने दिसते आणि तो काठ जेमतेम २५ मिलिमीटर उंचीचा असतो. एवढ्या चिंचोळ्या लक्ष्याला जाळ्यातली भोके महागात पडतात. माझ्या डाव्या नळीने जड भाराच्या काडतुसांचे छर्रे कागदावर ठिकठिकाणी झुपक्यांनी टाकले आणि मध्ये तळहाताएवढ्या जागा कोऱ्या सोडल्या, तर २८ ग्रॅमच्या काडतुसाने तीच नळी एकसारखा शिडकावा देऊ लागली. दुसऱ्याच्या बंदुकीत नेमके उलटही होऊ शकते. घट्ट चोक आणि मऊ शिसे यांचा मेळ प्रत्येक नळीत वेगळा बसतो, म्हणून माझे आकडे कोणी उसने घेऊ नयेत, रीत घ्यावी. स्कीटसाठी, जिथे चकती वीस मीटरच्या आसपास आडवी जाते, तिथे उजव्या मोकळ्या नळीतून २ मिलिमीटरचे, म्हणजे नऊ नंबरचे छर्रे मला अधिक चांगले वाटले.

काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये असणाऱ्या डाटाविषयी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचा पेल्यासारखा डाट छर्‍यांना नळीच्या भिंतीला घासू देत नाही, त्यामुळे ते कमी चेपतात आणि जाळे घट्ट येते. नमद्याच्या किंवा तंतूच्या डाटाने जाळे थोडे पसरते, पण रानात प्लास्टिक उरत नाही. मी दोन्ही वापरले आणि क्लेसाठी प्लास्टिकच पसंत केले, कारण रेंजवर तो कचरा गोळा करता येतो.

आपल्या भागासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पावसाळ्याची आहे. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना भिंतींना फुटणारी ओल सांगायला नको. कागदी कवचाची काडतुसे अशा हवेत फुगतात आणि चेंबरमध्ये अडकतात, तर प्लास्टिकच्या कवचाला ओल फारशी बाधत नसली तरी पितळी बुडाला हिरवट थर चढतो. मी रबरी कडेच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून काडतुसे कुलूपबंद कपाटात ठेवली आणि पुड्या वेळोवेळी वाळवून पुन्हा वापरल्या. आश्विनात डबा उघडला तेव्हा सर्व बुडे कोरडी व स्वच्छ होती आणि बारही पूर्वीसारखेच झाले. बुडाला गंज आलेले, तोंडाची घडी सैल झालेले किंवा हलवल्यावर छर्रे खुळखुळणारे काडतूस बाजूला काढून दुकानदाराकडे द्यावे. एखादा बार नेहमीपेक्षा दबका वाजला तर बंदूक मोकळी करून नळीतून आरपार पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस भरू नये, कारण डाट आत अडकलेला असू शकतो. घरात वीस बोअरचीही बंदूक असेल तर तिची काडतुसे त्याच डब्यात कधीही ठेवू नयेत. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि मागून बारा बोअरचे भरले की नळी फुटते.

शिशाबद्दल मला मनापासून काळजी वाटते. पाणथळ जागी पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणूनच अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे बंद झाले, डेन्मार्कने १९९६ मध्ये ते सर्वत्र बंद केले आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांत त्यांवर निर्बंध घातले. तिकडे पर्याय म्हणून पोलादाचे छर्रे वापरतात. पोलादाची घनता ७.८ आणि शिशाची ११.३, त्यामुळे पोलादाचा छर्रा दोन नंबर जाड घ्यावा लागतो, आणि पोलाद दबत नसल्याने जुन्या घट्ट चोकच्या नळ्यांना ते धोक्याचे आहे; आपल्या दुनळीत ते वापरू नये. आपल्याला करता येण्याजोगे एवढेच, की शिशाचा बार रेंजपुरता ठेवावा. घटप्रभेच्या काठी धुपदाळला हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात. पीक राखण्याच्या परवान्याची बंदूक असली तरी तळ्याकाठी, कालव्याकाठी हवेत बार काढून पाखरे उठवण्याची सवय शेतकरी बांधवांनी सोडावी, अशी माझी विनंती आहे. सरावानंतर हात साबणाने धुतल्याखेरीज डबा उघडून भाकरी खाऊ नये, हेही तितकेच आवश्यक आहे.

खरेदीचे सांगायचे तर काडतुसे परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावरच्या मर्यादेत आणि नोंद करूनच मिळतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे आपल्या भागात सर्वांच्या ओळखीची आहेत. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा सरावाचा बेत आणि काडतुसांची खरेदी त्या हिशेबाने करावी. वरातीत किंवा यात्रेत हवेत बार काढणे शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने गुन्हा ठरले आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ही गोष्ट काडतुसे मागायला येणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट सांगतो.

येत्या पावसाळ्याआधी मी ६५ मिलिमीटरची, २८ ग्रॅम भाराची आणि २.४ मिलिमीटर छर्‍यांची काडतुसे घेणार आहे, आणि उजव्या नळीसाठी थोडी नऊ नंबरची. नवा साठा आला की त्यातली दोन-चार प्रथम कागदावर झाडीन आणि जाळे पूर्वीसारखे आले तरच उरलेली खरेदी करीन.