पांढरा रस्सा फोटोत करडा का येतो? मोबाईल कॅमेऱ्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

फोन पंचवीस हजारांच्या आतला. मागे तीन कॅमेरे आहेत: ५० मेगापिक्सेलचा मुख्य, ८ चा अल्ट्रावाइड (रुंद दृश्यासाठी) आणि २ चा मॅक्रो (अगदी जवळून घ्यायच्या फोटोंसाठी). ऑगस्ट ते एप्रिल कोल्हापुरातल्या रोजच्या फिरण्यात वापरला. गल्ली, तालीम, गुऱ्हाळ, रंकाळा तलाव, गुजरीचा सराफ बाजार, जेवणाचं ताट, सगळीकडे. सोबत सहा इंची ट्रायपॉड आणि तीन-साडेतीनशेची क्लिपवाली मॅक्रो लेन्स. मुख्य कॅमेरा या किमतीत खरोखर भारी आहे. पण उजेड किती धरायचा हे त्याच्यावर सोडलं की चांगला फोटोही हातचा जातो. तेवढं एक काम आपल्याकडे घेतलं की त्याच फोनचे फोटो ओळखू येत नाहीत.

सुरुवात ताटापासून करू, कारण हा दोष तिथं सगळ्यात लवकर कळतो. फोनचा उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. पांढऱ्या रश्श्याची वाटी जवळून, फ्रेमभर घेतली की त्याला वाटतं उजेड फार झाला. तो फोटो काळपट करतो आणि खोबऱ्याच्या दुधाचा रंग राखेसारखा दिसतो. तीच वाटी काळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवून लांबून घ्या, मग उलटं होतं. टेबल काळं म्हणून फोन उजेड वाढवतो आणि रस्सा पांढराफेक होऊन त्यातली खसखस, साय, वरचा तुपकट थर सगळं पुसलं जातं. वाटी एकच, चुका दोन, त्याही विरुद्ध दिशेच्या. पहिल्या वेळी एक्स्पोजर, म्हणजे धरायचा उजेड, +०.७ करायचं, दुसऱ्या वेळी −०.७ ते −१. तांबडा आणि पांढरा एकाच फ्रेममध्ये असतील तर हिशेब पांढऱ्याचा धरायचा. जेपेगमध्ये, म्हणजे फोनच्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, काळोखातलं थोडंफार वर काढता येतं, पांढरं होऊन उडालेलं परत येत नाही.

करायचं असं: पांढऱ्या वाटीवर बोट दोन सेकंद दाबून धरायचं, ‘एई/एएफ लॉक’ (उजेड आणि फोकस पक्के) अशी अक्षरं येतात. मग शेजारचं सूर्याचं चिन्ह गरजेप्रमाणे वर किंवा खाली ओढायचं. मध्येच फोन आला किंवा दुसरं ॲप उघडलं की लॉक सुटतो, परत धरावा लागतो. सेटिंगमधलं ‘एआय सीन’ पहिल्याच दिवशी बंद करा. जेवण ओळखलं की ते रंग चढवतं आणि तांबड्या रश्श्यावरचा तवंग प्लॅस्टिकसारखा नारिंगी दिसतो. वरची ट्यूबलाइटही तवंगाचा घात करते, नुसता एक पांढरा पट्टा उमटतो. खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि उजेड वाटीच्या मागच्या बाजूने तिरका आला, तर तेलाचा एकेक थेंब वेगळा दिसतो.

गुलालाचं गणितही हेच, फक्त रंगाचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत फोटोतला लाल रंगाचा थर (चॅनेल) इतका भरतो की गुलालाचे कण, कपाळावरच्या रेषा, फेट्याची घडी सगळं एकाच गुलाबी डागात बुडतं. −१ वर ठेवा, व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ते) ५२०० ते ५५०० केल्व्हिनवर पक्का करा आणि रंगांची प्रोफाइल ‘व्हिव्हिड’ नको, ‘नॅचरल’ ठेवा. चार्जिंगच्या तोंडावर कागदी चिकटपट्टी लावा. लेन्सवर गुलाल बसला तर शर्टाने पुसू नका. आधी फुंकर किंवा हवेचा रबरी फुगा, मग मऊ कोरडा ब्रश, मग कापड. कोरडी पूड घासली की काचेवरचा थर ओरखडतो आणि पुढे प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं.

तालमीत मात्र फोनची खरी परीक्षा होते. पहाटेचा सराव, वरच्या झरोक्यातून येणारा उजेड, तांबड्या मातीत दोन पैलवान. ऑटोवर फोन एका फोटोसाठी पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो. बसलेल्या माणसाला ते मानवतं, पण धोबीपछाड मारताना हात हललेला असतो आणि जोडणीत त्याला सहा बोटं फुटतात किंवा मनगटाजवळ भूत दिसतं. म्हणून इथं प्रो मोडच, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवायचे. शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/२५० सेकंद पुरतं, प्रत्यक्ष आपटण्याच्या क्षणाला १/५०० लागतं. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १६०० च्या आसपास जाईल, जाऊ दे. दाणे आले तरी चालतात, पुसट पाय चालत नाही. शटर आणि आयएसओ दोन्ही हाताने ठरवले की एक्स्पोजरची पट्टी बंद पडते. बिघाड नाही, तिला बदलायला काही उरलेलंच नसतं.

इथली दुसरी अडचण पुष्कळांना कळतच नाही. दिवे एलईडी असतील तर १/५०० वर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. सेन्सर फोटो ओळीओळीने वाचतो, म्हणून काही ओळी उजेडात सापडतात आणि काही अंधारात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला पुरी आवर्तनं मिळतात आणि पट्टे जातात, पण कुस्ती पुसट होते. उपाय एकच: दिव्याकडची बाजू सोडून झरोक्याच्या उजेडात येणारी जोड निवडायची. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती माती फ्रेमभर असली की ऑटो व्हाइट बॅलन्स लाल कमी करायला निळा ओततो आणि अंगाची कातडी राखाडी होते. ५००० ते ५३०० वर लॉक करा, मातीचा रंग परत येतो. बर्स्ट (पाठोपाठ फोटो घेणारी सोय) डाव सुरू व्हायच्या आधीच दाबायचा. डाव दिसल्यावर बोट दाबलं तर फोटोत पैलवान आधीच पाठीवर असतो.

हे आकडे पाहून कुणी बिचकू नये. बाबूराव पेंटरांनी देशी सिनेकॅमेरा ज्या गावात घडवला आणि खरी कॉर्नरला ज्याचं स्मारक उभं आहे, त्या गावात प्रो मोडची भीती कशाला?

जवळच्या फोटोंसाठी २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा विसरून जा. त्याचा फोकस साधारण ४ सेंटिमीटरवर कायमचा बसवलेला आहे, तपशील येत नाही, रंगही मळकट. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यावर क्लिपची लेन्स कितीतरी पटीने बरी. कव्हर काढूनच लावायची, नाहीतर ती वाकडी बसते आणि एक बाजू पुसट येते. फोन आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो, ती सोय आधी बंद करायची. वस्तू २-३ सेंटिमीटरवर लागते आणि स्पष्ट भाग जेमतेम १-२ मिलिमीटरचा. बोटाने फोकस शोधण्यापेक्षा फोनच किंचित पुढे-मागे करत दहा फोटो काढा, एक लागतो. कडा पुसट येतातच, तेव्हा मधला निम्मा भाग कापून घ्यायच्या हिशेबानेच फ्रेम धरायची.

गुजरीत कोल्हापुरी साज टिपताना वेगळीच गंमत होते. मत्स्य, कूर्म अशा पानड्यांवर काळा चौकोन दिसतो, तो आपल्याच फोनचा. ड्रॉइंगच्या पांढऱ्या कागदाचा २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, लेन्सएवढं भोक पाडा आणि त्यातून फोटो काढा. आता सोन्यात काळ्याऐवजी पांढरं उमटतं आणि कोरीव रेषा उठून येतात. दिव्यासमोर बटर पेपर धरला की चकाकीचे बोचरे ठिपकेही विरतात. दुकानात आधी विचारायचं, ‘मामा, एक फोटो काढू काय?’ बहुतेकदा ‘काढा की!’ हेच उत्तर येतं आणि वर साज नीट मांडूनही मिळतो.

चपलेसाठी मॅक्रो लागत नाही. मुख्य लेन्स रुंद आहे, जवळ गेलात तर अंगठा भलामोठा आणि टाच चिमणी दिसते. एक मीटर मागे या, २एक्स लावा. हा २एक्स सेन्सरच्या मधल्या भागातून घेतलेला असतो, त्यामुळे दिवसा स्वच्छ येतो, अंधारात मात्र दाणेदार. सकाळी आठ-नऊच्या आडव्या उन्हात वेणीचा एकेक पेड आणि गोंडा सावलीसकट दिसतो, दुपारी बाराला तीच चप्पल सपाट.

गुऱ्हाळावर पहाटे गार फोन काहिलीजवळ (रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ) नेला की लेन्सवर दव धरतं. पाच मिनिटं चुलवाणाच्या उबेत, पण वाफेपासून दूर उभे राहा, मग पुसा. वाफेत फोकस सारखा मागे-पुढे होतो, म्हणून तो काहिलीच्या काठावर लॉक करायचा. वाफ उजेडाच्या विरुद्ध बाजूने आणि मागे अंधार असतानाच दिसते, उन्हाकडे पाठ केली तर ती फोटोत नाहीशीच होते. गुळव्याच्या पायात येऊ नका, फोनला दोरी असू द्या.

रंकाळ्यावर सूर्य बुडताना सगळे फोटो काढतात आणि निघून जातात. तुम्ही थांबा. पुढची १५ ते २५ मिनिटं आभाळाचा निळा आणि काठावरच्या दिव्यांचा पिवळा एका तोलात येतात. पाणी उतरलेलं असेल तर संध्यामठाचे दगडी खांबही उघडे पडलेले असतात. ट्रायपॉड कठड्यावर ठेवा, आयएसओ १००, शटर ४ सेकंद, ३ सेकंदांचा टायमर. पाणी रेशमासारखं होतं. हातात धरून नाइट मोडही चालतो, पण तो लाटा घासून चिखलासारख्या करतो. दिव्यांतून लांब रेघा फुटल्या तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी लेन्स पुसा, दहातले नऊ वेळा बोटाचं तेल असतं. अल्ट्रावाइड या वेळेला कामाचा नाही, तो दिवसा भवानी मंडपापुरता ठीक.

नऊ महिन्यांत काय दमलं? एप्रिलच्या दुपारी दहा-बारा मिनिटांत फोन तापतो, आधी स्क्रीन मंद होते, मग कॅमेरा ॲप बंद पडतं. सावलीत ठेवून कव्हर काढलं की सुटतो. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं. कंपनीच्या एका अपडेटनंतर प्रो मोडमध्ये जतन केलेले आकडे पुसले गेले, तेव्हा ते वहीत टिपून ठेवलेले बरे. जेपेग फोटो ४-६ एमबीचा, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) साधारण २५ चा, म्हणून रॉ फक्त रंकाळ्याच्या रात्री आणि सोन्यासाठी. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तपशील आटतो. फोन एरवी काढतो त्या १२.५ मेगापिक्सेलमधून ८ बाय १२ इंची प्रिंट उत्तम निघते, ५० चा पर्याय त्यासाठी लागत नाही. प्रिंट करताना लॅबवाल्याला ‘ऑटो करेक्शन नको’ एवढं आवर्जून सांगा, नाहीतर मुद्दाम −१ वर ठेवलेला गुलाल तिथलं यंत्र परत उजळून ठेवतं.