‘धुऊन, तेल लावून तयार’ छर्रे: माझे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत

स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि आमच्या चौदा वर्षांच्या मुलाने एअर रायफलचा हट्ट धरला. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्याचाच एकाने फायदा घेतला.

स्पर्धेच्या ठिकाणी हा माणूस भेटला. सगळ्या पालकांशी ओळख, बोलणं गोड. त्याच्याकडे नावाजलेल्या परदेशी कंपनीच्या पाचशे-पाचशे छर्ऱ्यांच्या डब्या होत्या. म्हणाला, “साहेब, छर्ऱ्यांवर शिशाची भुकटी असते, ती नळीत बसते. मी धुऊन, तेल लावून, निवडून देतो.” डबीमागे तीनशे रुपये जादा. त्याच्या बोलण्यात निम्मं खरं होतं, म्हणूनच पटलं. सहा डब्या घेतल्या, पैसे फोनवरून पाठवले आणि बिल मागितलं नाही.

पंधरा दिवसांत पोराचे गुण घसरले. १० मीटरच्या रायफल टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा जरा भरकटला की दहाचा नऊ होतो. तो मात्र स्वतःलाच दोष देत राहिला, रात्री उशिरापर्यंत रिकामी रायफल खांद्याला लावून उभा राहायचा. पैशांपेक्षा मला याचा राग जास्त आहे.

शेवटी त्याला नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी रायफल शिकंज्यात पक्की धरून आमचे दहा छर्रे मारले, मग स्वतःच्या डबीतले दहा. त्यांची भोकं एकात एक पडली, आमची बोटभर पसरली.

सरांनी डबी पांढऱ्या कागदावर पालथी केली. कागदावर तेलाचे डाग उमटले, शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला. टिश्यूने तेल पुसल्यावर खरं रूप दिसलं: काहींच्या मागच्या पातळ कडा चेपलेल्या, काहींच्या खाचेत पांढरट थर. शिसं दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिलं की असा थर धरतो. म्हणजे जुने, टाकाऊ छर्रे धुऊन तेलाने चकचकीत केले होते. मी पन्नास छर्रे आमच्या सराफाच्या काट्यावर तोलले. डबीवर ०.५३ ग्रॅम छापलेलं, वजनं निघाली ०.४९ पासून ०.५५ पर्यंत. झाकणावरचा लॉट नंबर (माल कुठल्या खेपेत बनला त्याचा) आणि तळाचा नंबर वेगळे होते. हे मी विकत घेतानाच बघायला हवं होतं.

सर म्हणाले, चांगल्या मॅच छर्ऱ्यांना, म्हणजे स्पर्धेसाठीच्या छर्ऱ्यांना, १० मीटरसाठी वरून तेलाची गरजच नसते. आमची नळी फेल्टने, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या बोळ्यांनी, साफ करावी लागली. स्प्रिंगची रायफल असती तर धोका मोठा होता: दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेने असलं तेल पेटतं, छर्रा भलत्या वेगाने सुटतो, आतलं हवा अडवणारं सीलही जाऊ शकतं.

धुवायचेच असतील तर घरी धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, हलक्या हाताने हलवायचं, जुन्या टॉवेलवर पसरून पूर्ण वाळू द्यायचं. गाळणी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरातली अजिबात नको, कारण शिसं विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. मुलांना छर्रे तोंडात धरू देऊ नका, रेंजवर ही सवय मी पाहिली आहे.

त्या माणसाने आता फोन उचलणं बंद केलंय. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार दिली आहे, पण बिल नसल्याने हातात फक्त पैसे पाठवल्याची नोंद आहे. चार डब्या अजून तशाच बंद आहेत. कुणाला अशाच ‘तयार’ डब्या कोणी देऊ करत असेल, तर लॉट नंबर ताडून बघायला माझ्याकडच्या घेऊन जा.